हाताखालची चुंबळ

संगणकाच्या माउसखाली चांगले पॅड असावे की नसावे, हा प्रश्न भाषा-साहित्याच्या नियतकालिकात घ्यावा एवढा मोलाचा आहे काय, अशी शंका वाचकांप्रमाणे मलाही आली होती. वितीपेक्षा थोडा मोठा, खाली रबर आणि वर कापड असलेला तो एक तुकडा. त्याला स्वतःचे असे काही काम नाही. घरातील सामानाची यादी करावयास बसलो तर तो यादीत यावयाचा नाही, आणि घर बदलताना गहाळ झाला तर चार दिवस कोणाच्या ध्यानातही यावयाचे नाही. तरीही या क्षुल्लक वस्तूविषयी मी कित्येक वर्षे एक ठाम मत बाळगून होतो. आणि ते मत सोडून देण्याची वेळ माझ्यावर एका पाठभेदामुळे आली. पाठभेदाशी संबंध आला म्हणजे विषय या पानांबाहेरचा राहत नाही, असे मी मानतो.

माझे मत असे होते की, माउस पॅड ही निव्वळ खोगीरभरती आहे. ज्याला टेबल आहे त्याला टेबलावर आणखी एक टेबल कशाला हवे? आमची पिढी ज्या घरांत वाढली त्या घरांत आलेल्या पत्राचे पाकीट उसवून त्याच्या आतल्या कोऱ्या बाजूवर वाण्याची यादी लिहिली जात असे. पेन्सिल बोटांत धरता येईनाशी झाली की तिला कागदाची नळी गुंडाळून तिचे आयुष्य महिनाभर वाढवले जाई. अशा संस्कारात वाढलेल्या माणसाला एखादी वस्तू नाकारण्यात जे समाधान मिळते, ते ती घेण्यात मिळत नाही. विद्यार्थ्यांच्या खोल्यांतून रंगीबेरंगी पॅड दिसू लागले, तेव्हा मी त्यांना म्हणत असे की, गणपतीच्या वाहनाला कोणी आसन दिल्याचे पुराणात नाही. ज्याने महाभारत उतरवून घेतले त्याचा उंदीर जमिनीवर बसत होता, मग आपल्याला ही मिजास कशाला? विद्यार्थी हसत. गुरूच्या विनोदाला हसण्याची आपल्याकडे रीतच आहे. त्यामुळे माझे मत अधिकच पक्के झाले.

माझे टेबल जुन्या कार्यालयीन घडणीचे आहे. लाकडावर हिरवी बनात आणि बनातीवर टेबलभर जाड काच. काचेखाली दूरध्वनी क्रमांकांची एक पिवळी पडलेली यादी, एक पाकिटाएवढे कॅलेंडर आणि पंढरपूरच्या विठोबाचे छायाचित्र. फायलींचा संसार ज्या टेबलांवर चालतो त्यांना काच शोभते. शाई सांडली तर पुसता येते, चहाच्या पेल्याचे वर्तुळ उमटत नाही. परंतु या काचेवर माउस ठेवला त्या पहिल्याच दिवशी पडद्यावरचा बाण आधी जागच्या जागी थिजला आणि मग एकदम कोपऱ्यात जाऊन आदळला. मी एका जुन्या हजेरीपटाचा पुठ्ठा काढून माउसखाली ठेवला. बाण मुकाट्याने चालू लागला. एक पैसा खर्च न होता काम झाले याचा मला झालेला आनंद लहान नव्हता. तो पुठ्ठा पुढे दहा वर्षे टिकला, आणि त्याच्या प्रत्येक वर्षागणिक माझा युक्तिवाद बळकट होत गेला.

काचेवर माउस का अडखळतो, हे मी त्या वेळी विचारले नाही. कारण साधे आहे. आजचा माउस पाहून चालतो. त्याच्या पोटात एक लहानसा दिवा असतो आणि त्याचा प्रकाश खालच्या पृष्ठभागावर तिरपा पडतो. डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या कागदावर वा कापडावर बारीक उंचवटे असतात. तिरप्या उजेडात त्यांच्या सावल्या पडतात. त्या सावल्यांची चित्रे पोटातील एक सूक्ष्म कॅमेरा सेकंदाला हजारांहून अधिक वेळा टिपतो. मागचे चित्र आणि पुढचे चित्र ताडून पाहून आपण किती आणि कोणत्या दिशेला सरकलो, याचा हिशेब यंत्र करते. म्हणजे माउसला स्वतःच्या हालचालीची जाणीव मुळीच नसते. ती त्याला खालच्या भूमीवरील खुणांवरूनच कळते. काच त्याला खूण देत नाही. उजेड तिच्यातून आरपार जातो, आणि बनातीचे तंतू वा विठोबाची कड त्याला खोलवर अस्पष्ट दिसते. मग तो अंदाज करतो आणि चुकतो.

या यंत्राचा इतिहास पाहिला तर त्याच्याखालच्या भूमीचा प्रश्न आरंभापासूनच त्याच्या मागे लागलेला दिसतो. माउसचा जन्म कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये झाला. डग्लस एंगेलबार्ट यांची कल्पना आणि बिल इंग्लिश यांची कारागिरी यांतून १९६४ मध्ये तयार झालेला पहिला नमुना म्हणजे लाकडाचा एक ठोकळा होता. त्याच्या पोटाशी परस्परांशी काटकोनात बसवलेली दोन चाके होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. पुढे चाकांच्या जागी गोळी आली. १९९० च्या दशकात ज्यांनी संगणक हाताळला, त्यांना ती रबरी वेष्टणाची जड गोळी आठवत असेल, आणि तळाची चकती फिरवून, गोळी बाहेर काढून, आतल्या दोन रुळांवर साचलेला मळ नखाने खरवडून काढण्याचा तो आठवड्याचा विधीही आठवत असेल. गोळीला फिरण्यासाठी किंचित पकड लागे. गुळगुळीत टेबलावर ती घसरे. म्हणून तिच्याखाली रबराचा पाया असलेले कापड आले.

१९८० च्या दशकाच्या प्रारंभी एक वेगळाच माउस निघाला होता. त्याला गोळी नव्हती, प्रकाश होता. परंतु त्याला वाटेल ती भूमी वाचता येत नसे. त्याच्यासोबत धातूची एक चकचकीत पाटी येई आणि तिच्यावर उभ्या-आडव्या बारीक रेघांची जाळी छापलेली असे. माउस त्या रेघा मोजत चाले. पाटी तिरपी ठेवली तर पडद्यावरचा बाणही तिरपा जाई, आणि पाटी हरवली तर माउस निरुपयोगी होई. येथे पाटी ही यंत्राची शोभा नव्हती, ते अर्धे यंत्रच होते. पुढे १९९९ पासून कोणत्याही साध्या पृष्ठभागावर चालणारे प्रकाशाचे माउस बाजारात रुळले, आणि आता पॅडची गरज उरली नाही असे सर्वत्र सांगितले जाऊ लागले. माझ्यासारख्यांच्या मताला आधार मिळाला तो तेथे. ते सांगणे बहुतेकांपुरते खरेही होते. लाकडी टेबलावर, पुठ्ठ्यावर, वहीच्या पानावर आजचा माउस निमूटपणे चालतो. ज्याचे टेबल मुळातच चांगले आहे त्याने या लेखाच्या निमित्ताने खिशात हात घालण्याचे कारण नाही.

रेघांच्या त्या जाळीविषयी वाचताना मला पुण्याची आठवण झाली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पूर्ण झाले. या कामी हस्तलिखिते ताडून पाहण्यासाठी जी तुलनापत्रे वापरली गेली, त्यांचे वर्णन वि. स. सुखटणकरांनी आदिपर्वाच्या १९३३ च्या खंडातील प्रस्तावनेत केले आहे. कागदावर उभ्या-आडव्या रेघा आखलेल्या. सर्वांत वर श्लोक एकेक अक्षर सुटे करून लिहिलेला. खाली प्रत्येक हस्तलिखितासाठी स्वतंत्र ओळ. ज्या अक्षरात भेद असेल त्या अक्षराच्या बरोबर खालच्या घरात तो भेद नोंदवावयाचा. या रेघा कोणी वाचत नाही, आणि छापील ग्रंथात त्या उतरतही नाहीत. परंतु त्या नसत्या तर एवढ्या पोथ्यांतील अक्षरे आपापल्या जागी राहिली असती, असे कोणता संपादक छातीठोकपणे सांगेल? लिहिणाऱ्याच्या हाताला आपण कोठे आहोत हे सतत सांगत राहणे, एवढेच त्या जाळीचे काम होते.

माझे स्वतःचे काम त्या मानाने फार लहान आहे. एका संतकवीच्या अभंगांच्या तीन पोथ्या मी गेली काही वर्षे ताडून पाहत आहे. त्यांना आपण क, ख आणि ग म्हणू. तिन्हींत क ही जुनी; ग ही सर्वांत उशिराची आणि घाईने उतरवलेली. पोथ्या दूरच्या संग्रहांत आहेत. माझ्याकडे त्यांच्या प्रतिमा आहेत. पडद्याच्या डाव्या बाजूस पोथीचे पान आणि उजव्या बाजूस तक्ता, अशी माझी मांडणी असते. तक्त्यात प्रत्येक पोथीला एक ओळ आणि प्रत्येक शब्दाला एक घर. जो पाठ छापील प्रतीशी जुळतो त्याचे घर रिकामे ठेवावयाचे; जेथे भेद असेल तेथे शब्द एकदा टंकून, माउसने उचलून, त्या त्या पोथीच्या घरात नेऊन सोडावयाचा. शब्द उचलणे, नेणे आणि सोडणे ही क्रिया दिवसातून शेकडो वेळा होते, आणि शंभराव्या वेळेनंतर तिच्याकडे लक्ष राहत नाही.

एका अभंगात छापील प्रतीत 'भाव' असा शब्द आहे. क आणि ख या दोन्ही पोथ्यांत तो तसाच आहे. ग पोथीत मात्र 'भेव' आहे. मराठीच्या वाचकांना सांगावयास नको, पण इतर भाषांच्या अभ्यासकांसाठी सांगतो की, जुन्या मराठीत 'भेव' म्हणजे भय. कानाच्या जागी मात्रा पडली, आणि भक्ताच्या मनातील भावाच्या जागी भय आले. घाईच्या लेखनिकाकडून असे होते. मी 'भेव' हा शब्द टंकला, उचलला आणि ग पोथीच्या घरात सोडला. निदान तशी माझी समजूत होती. तक्त्यात तो गेला क पोथीच्या घरात. ग पोथीचे घर रिकामेच राहिले, म्हणजे माझ्या पद्धतीप्रमाणे तेथे 'भाव' आहे असे ठरले. रिकामे घर ओरडत नाही. तक्ता पाहणाऱ्याला दिसणार ते एवढेच की, सर्वांत जुन्या पोथीत 'भेव' आहे आणि उत्तरकालीन पोथ्यांत 'भाव'.

हा तक्ता मी माझ्याकडे संशोधन करणाऱ्या बेळगावच्या एका विद्यार्थिनीला वापरावयास दिला. तिने त्यावर एक संपूर्ण प्रकरण उभे केले. तिचा युक्तिवाद सुबक होता. सोप्या पाठापेक्षा अवघड पाठ अधिक मूळचा असण्याचा संभव असतो, हे पाठचिकित्सेचे तत्त्व मीच तिला शिकवले होते. त्या तत्त्वाला धरून तिने असे मांडले की, कवीची मूळ भक्ती भयग्रस्त होती, आणि पुढच्या लेखनिकांनी संप्रदायाच्या सोयीसाठी ती सौम्य करून घेतली. मी प्रकरण वाचले, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारले आणि तिला शाबासकी दिली. प्रबंध सादर करण्यापूर्वी ती सगळी उद्धरणे मूळ प्रतिमांशी पुन्हा ताडून पाहत होती. एके दिवशी दुपारी ती माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. "सर, क पोथीच्या पानावर मला 'भेव' कुठे दिसत नाही. मी दोनदा पाहिलं. तुमच्याकडे या पानाची दुसरी एखादी प्रतिमा आहे का?" तिच्या स्वरात तक्रार नव्हती, आपल्याच डोळ्यांवर तिचा विश्वास बसत नव्हता. माझ्याकडे दुसरी प्रतिमा नव्हती. तो पाठभेद जगातील कोणत्याही क पोथीत नव्हता. तो माझ्या टेबलावर जन्माला आला होता.

पुढचे तीन आठवडे आम्ही दोघांनी सगळा तक्ता पुन्हा तपासला. आणखी ९ ठिकाणी शब्द चुकीच्या घरात पडलेले निघाले. त्यांचे स्वरूप पाहता कारण शोधणे अवघड गेले नाही. लेखनिकाचा डोळा चुकतो तेव्हा तो सारख्या दिसणाऱ्या शब्दांवरून घसरतो. दोन चरणांचा शेवट सारखा असला तर मधला चरण गळतो. अशा चुकीला शब्दांचे रूप कारण असते. येथे तसे काही नव्हते. चुकलेल्या शब्दांत कसलेही साम्य नव्हते. परंतु प्रत्येक शब्द एक-दोन घरे वर वा खाली, सरळ रेषेत ढळला होता. अर्थाशी देणेघेणे नसलेली ती यंत्राची उडी होती. मी पुठ्ठ्याकडे पाहिले. दहा वर्षांत त्याची कड झिजून वर वळली होती. काचेवर त्याला पकड नव्हती, त्यामुळे माउस सरके तसा कधी कधी तोही सरके. आणि दोघे मिळून सरकले की, यंत्राच्या दृष्टीने कोणीच हललेले नसे. मग हात आणखी पुढे जाई, माउसची कड पुठ्ठ्यावरून काचेवर उतरे आणि बाण उडी मारी. नेमक्या त्याच क्षणी बोट उचलले गेले की शब्द शेजारच्या घरात.

दोष पुठ्ठ्यावर ढकलून मी मोकळा होऊ इच्छीत नाही. सोडलेला शब्द कोठे पडला हे पाहणे माझे काम होते, तक्ता दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी तपासणे माझे काम होते, आणि विद्यार्थिनीचे प्रकरण वाचताना मूळ पान उघडणे हेही माझेच काम होते. ते तिने केले. पुण्याच्या पंडितांनी रेघांवर विसंबून तपासणी सोडून दिली नव्हती. तथापि एक गोष्ट मान्य करावी लागते. त्या लोकांनी आपल्या हाताखालच्या कागदाचा विचार कामाला लागण्यापूर्वी केला होता. मी माझ्या हाताखालच्या वस्तूविषयी दहा वर्षे फक्त विनोद केले.

मी पॅड घ्यावयास गेलो तेव्हाही प्रथम चूकच केली. आता घ्यावयाचेच तर उत्तम घ्यावे, अशा हट्टाने मी मनगटाखाली मऊ उशी असलेले महागाचे पॅड आणले. त्याच सुमारास माझ्या उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री बधिर होऊ लागले होते. उशीवर मनगट टेकले की प्रथम बरे वाटे. पंधरा दिवसांत बधिरपणा वाढला. डॉक्टरांनी मनगटाची रचना समजावून सांगितली. मनगटाच्या ८ हाडांनी आणि वरून ताणलेल्या एका पट्ट्याने एक अरुंद बोगदा तयार होतो. त्यातून बोटे वाकवणाऱ्या ९ स्नायुरज्जू आणि एक मज्जातंतू जातो. उशी नेमकी त्या बोगद्याच्या दारावर खालून दाब देते. "मनगट टेकून माउस चालवू नका, कोपरापासून हात हलवा, खुर्ची थोडी उंच करा आणि अर्ध्या तासाने उठत जा," असे त्यांनी सांगितले. पॅडविषयी त्यांनी एवढेच म्हटले की, ते सपाट असावे. उशीचे पॅड मी कपाटात टाकले आणि २५० रुपयांचे, काळ्या कापडाचे, सुमारे ३० सेंटिमीटर लांब आणि २५ सेंटिमीटर रुंद असे साधे पॅड आणले.

त्याने काय केले ते मोजून सांगतो, कारण अशा गोष्टींत उत्साहाच्या भरात अतिशयोक्ती होते. त्याचा रबरी तळ काचेला धरून राहतो; माउस सरकतो, पॅड सरकत नाही. त्याचे विणकाम या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखे आहे, त्यामुळे हाताने जेवढे अंतर कापले तेवढेच बाण कापतो, आज जेवढे तेवढेच उद्या. दिल्लीच्या जानेवारीत काच बर्फासारखी गार असते आणि जूनमध्ये घामाने हात तिला चिकटतो. दोन्ही त्रास कमी झाले. बाण केव्हा उडी घेईल याची धास्ती असे, तेव्हा मी नकळत माउस आवळून धरीत असे, ती पकड सैल झाली. हाताचा बधिरपणा मात्र पॅडमुळे गेला असे मी म्हणणार नाही. खुर्ची उंच केली, मधून मधून उठू लागलो, त्याचा वाटा मोठा आहे. पॅडमुळे माझे वाचन सुधारले नाही, आणि जुन्या मोडीतील एकही अडलेले अक्षर मला लागले नाही. काचेवरही चालणारे माउस २००९ पासून मिळतात, परंतु त्यांच्या किमतीत असे कितीतरी पॅड येतील. आणि वळणाऱ्या पुठ्ठ्याऐवजी मी दर वर्षी नवा पुठ्ठा चारही कोपऱ्यांना चिकटवून बसवला असता तर बरेचसे काम त्यानेही झाले असते. पण मी तसे केले नाही. फुकटच्या वस्तूची निगा राखावी असे आपल्याला वाटत नाही, आणि तिची खरी किंमत तेथे द्यावी लागते.

ते काळे पॅड प्रथम काचेवर अंथरले तेव्हा मला चुंबळ आठवली. माझे बालपण माणदेशातल्या एका कोरड्या गावात गेले. उन्हाळ्यात आड आटला की बायका ओढ्यातल्या झऱ्यावर पाण्याला जात. आई जुन्या लुगड्याचा पट्टा पिळून, गोल वेटोळे करून डोक्यावर ठेवी, त्यावर हंडा आणि हंड्यावर कळशी. त्या वेटोळ्याला आमच्याकडे चुंबळ म्हणतात. मी सात-आठ वर्षांचा असताना एकदा तिच्या मागोमाग हट्टाने छोटी कळशी डोक्यावर घेऊन निघालो, आणि चुंबळ नको म्हणालो. ती बायकांची वस्तू, अशी माझी समजूत होती. चार पावलांवर कळशी कलली, पाणी अंगावर आले. आई हसली नाही. तिने आपल्या पदराची चिंधी फाडून माझ्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "डोई आपली, घागर पितळंची. मधी कायतरी नगं का?"

भारतीय भाषांच्या अभ्यासकांपुढे या शब्दाचे गोत्र सांगण्याचा मोह आवरत नाही. गुजरातीत तिला इंढोणी म्हणतात, हिंदीत इंडुरी किंवा गेंडुरी, कन्नडात सिंबी, तमिळमध्ये सुम्माडु, मल्याळममध्ये चुम्माडु. चिंध्यांचे वा गवताचे एक वेटोळे. त्यात पाणी राहत नाही, ते काही वाहून नेत नाही, घरी आल्यावर ते कोपऱ्यात पडते. तरी आपल्या एवढ्या भाषांनी त्याला नाव देण्याची तसदी घेतली आहे. ज्यांच्या डोक्यावर ओझे होते त्यांनी ही नावे दिली असणार. ओझे आणि अंग यांच्यामध्ये काय असावे, हा प्रश्न त्यांना कधी क्षुल्लक वाटला नाही. तो क्षुल्लक वाटला आम्हा टेबलावर बसणाऱ्यांना. आणि आम्हीही सर्वांच्या बाबतीत तसे मानीत नव्हतो. जुन्या कार्यालयांत साहेबाच्या टेबलावर कातडी कोपऱ्यांचे टीपकागदाचे मोठे पॅड असे, आणि दिवसभर नकला उतरवणारा कारकून उघड्या लाकडावर लिही. कोणाच्या हाताखाली काय असावे हे कामावरून ठरत नसे, हुद्द्यावरून ठरत असे. माझ्या काटकसरीतही त्या हुद्द्याचा थोडा अंश नव्हता, असे मला म्हणवत नाही. मी दोन-चार तास काम करी. तक्त्याचे कंटाळवाणे काम माझ्याहून अधिक करणाऱ्या विद्यार्थ्यांनी पॅड आणले तेव्हा मी त्यांना उंदराची गोष्ट सांगितली होती.

तेव्हा चांगले पॅड घ्यावे काय? काच वा गुळगुळीत टेबल असेल, आणि हाताचे काम बारीक व रोजचे असेल, तर घ्यावे; साधे, सपाट, तळाला पकड असलेले घ्यावे, आणि त्यावर दोनशे-तीनशे रुपयांहून अधिक घालवू नयेत. मनगटाखालची उशी डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. ज्यांचे टेबल लाकडी आणि काम आठवड्यातून दोन पत्रांचे, त्यांनी निश्चिंत असावे. घेतल्यावर तक्ता तपासण्याचे थांबवू नये.

विद्यार्थिनीने आपले प्रकरण मागे घेतले आणि नव्याने लिहिले. त्याला चार महिने लागले. तिची शिष्यवृत्ती त्याआधीच संपली होती. नव्या प्रकरणात 'भेव' ग पोथीच्या घरात आहे, एका घाईच्या लेखनिकाची चूक म्हणून, तळटीपेत. त्या तळटीपेत तिने माझे नाव घातलेले नाही. मी तिला दोनदा सांगितले, "चूक माझी आहे, तसं लिही." ती म्हणाली, "राहू द्या, सर." तेव्हा येथे ते मीच लिहून ठेवतो.

आज रविवार असल्यामुळे पॅड धुऊन गच्चीवर वाळत घातले आहे. महिन्यातून एकदा ते धुवावे लागते. म्हणून हा मजकूर मी पेनाने लिहीत आहे. काचेवर एकच कागद ठेवून लिहू गेले तर निब घसरते आणि अक्षर फाटके उमटते, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. कागदाखाली वर्तमानपत्राची चौपदरी घडी घातली आहे.